अँटवर्पच्या वाटेवर बेळगांवचे चौगुले

हॉलंड हा सखल भूमीचा व कालव्यांचा देश. ज्या वर्षीं हिंवाळा कडक पडतो त्या वर्षीं तेथील कालवे गोठतात आणि पाण्याच्या वाटा पायाच्या वाटा होतात. बुटांस पोलादी पातीं बांधून या बर्फावरून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं घसरत जाणें हा तेथील शेतकऱ्यांचा व नावाड्यांचा पूर्वापार परिपाठ. त्या परिपाठांतूनच पुढें लांब पल्ल्याच्या शर्यती निघाल्या आणि त्या शर्यतींतून याप ईडन नांवाचा वीर उदयास आला. १८७३ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें १८९३, १८९५ व १८९६ या तीन सालीं बर्फावरील शर्यतींचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. शिवाय दोन वेळां सायकलच्या शर्यतींतही जगांत पहिला क्रमांक पटकावला. ५,००० मीटरचें अंतर त्यानें १८९४ सालीं ८ मिनिटें ३७.६ सेकंदांत तोडलें; तो उच्चांक सतरा वर्षें कोणासही मोडतां आला नाहीं. १९२५ सालीं हलाखीच्या स्थितींत त्याचा अंत झाला. परंतु डच लोकांनीं त्याचें नांव पुसूं दिलें नाहीं. ॲमस्टरडॅममधील बर्फाच्या क्रीडांगणास त्याचें नांव दिलेलें आहे आणि दरसाल देशांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूंस जें पारितोषिक देण्यांत येतें तेंही त्याच्याच नांवाचें. त्याची प्रत्येक शर्यत, तिचा दिनांक, तिला लागलेला वेळ, हें सर्व टिपलेलें आहे आणि शाळकरी मुलासही तें सहज पाहावयास मिळतें.

हॉलंडच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, शेल्ट नदीच्या कांठीं, अँटवर्प नांवाचें शहर आहे. राज्य बेल्जमचें, पण लोकांची भाषा डचच. या शहरांत २२ ऑगस्ट १९२० रोजीं जी मॅरॅथॉन शर्यत झाली तिच्या निकालपत्रकांत एकोणिसाव्या ओळीवर एक नांव आहे: पी. डी. चौगुले, हिंदुस्थान, २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंद. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगांवकडचे. नांव कानडी वळणाचें, आडनांव मराठी मुलुखांत सर्वत्र आढळणारें; बेळगांवांत या दोन भाषा एकाच ओसरीवर नांदत आल्या आहेत, तेव्हां त्यांत नवल नाहीं. ऑलिंपिकमधील मॅरॅथॉन पुरी करणारे हे पहिले हिंदी गृहस्थ. आमच्याकडे त्यांच्या नांवाचें क्रीडांगण नाहीं, पारितोषिकही नाहीं. आणि सुशिक्षित घरांतूनसुद्धां तें नांव ओळखणारा माणूस विरळाच भेटतो. ती एक ओळ तेथवर कशी जाऊन पोंचली, हीच येथें सांगावयाची हकीकत.

दक्षिणेंत धांवणें ही कांहीं साहेबानें आणलेली कला नव्हे. मराठशाहींत जासूद पत्रांच्या थैल्या घेऊन मुक्कामामागून मुक्काम पायीं गांठीत; घाट उतरावा, नदी पार करावी आणि पुढच्या जासुदाच्या हातीं थैली द्यावी, असा त्यांचा क्रम असे. इंग्रजी अमलांत डाकवाले आले. हातांत घुंगरांची काठी, पाठीवर टपालाची पिशवी आणि पायांत बहुधा कांहींच नाहीं, अशा थाटांत हे लोक रानांतून धांवत. पंढरीची वारी करणारा वारकरी धांवत नाहीं हें खरें. पण शेंदीडशें मैल पायीं चालणें म्हणजे पराक्रम आहे असें त्यास वाटतही नाहीं. शेतकऱ्याच्या पोरास शाळेंत, बाजारांत वा जत्रेंत जावयाचें तर वाहन म्हणजे स्वतःचे दोन पाय. या सवयीचा शर्यतींत उपयोग होईल ही कल्पना मात्र फार उशिरां सुचली.

ती ज्यांस सुचली ते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे हे ज्येष्ठ चिरंजीव केंब्रिजला शिकलेले, आणि विलायतच्या मुक्कामांत त्यांस मैदानी खेळांची गोडी लागलेली. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याचें अध्यक्षपद टाटांकडे होतें. १९१९ सालीं जिमखान्यानें जो क्रीडामहोत्सव भरविला त्यास टाटा स्वतः हजर होते. तेथें जें दिसलें त्याचें वर्णन त्यांनीं पुढें दहा वर्षांनीं, म्हणजे १९२९ सालीं, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस पाठविलेल्या पत्रांत केलें आहे. हें पत्र हिंदी खेळांच्या इतिहासांतील एक मोलाचा कागद म्हणावा लागेल, कारण त्यांत मोठेपणाचा आव नाहीं. पाहिलें तें सांगितलें आहे. चालकांस इंग्रजी पद्धतीच्या मैदानी सामन्यांची फारशी माहिती नव्हती. धांवणारे बहुतेक शेतकरी वर्गांतले, शेतांत राबणारे व साध्या अन्नावर वाढलेले. आधुनिक शिक्षण त्यांस ठाऊक नव्हतें, युरोपांतील नियमही ठाऊक नव्हते. मैदान तयार केलेलें नाहीं, पायांत बूट नाहींत. धांवणें म्हणजे धांवणें, एवढाच त्यांचा हिशेब. आणि तरीही त्यांच्यापैकीं कित्येकांनीं घेतलेला वेळ युरोपांतील धांवपटूंच्या वेळेशीं ताडून पाहण्याजोगा होता. त्या महोत्सवांतील लोकांच्या विशेष आवडीची बाब म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, पुण्याची स्वतःची ‘मॅरॅथॉन’.

टाटांच्या मनांत विचार आला कीं, या पोरांस पुढील वर्षीं अँटवर्पला कां पाठवूं नये? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कानावर ही गोष्ट घालण्यांत आली. त्यांनीं अनुकूलता दाखविली आणि हिंदुस्थानास स्पर्धेंत प्रवेश मिळवून देण्याच्या कामीं साह्य केलें. एक समिति नेमली गेली. या समितींतील एका सभासदाविषयींची आख्यायिका मोठी मौजेची आहे. १०० मीटर धांवण्यास साधारण किती वेळ लागावा, असें टाटांनीं विचारतां त्या गृहस्थांनीं अर्धा मिनिट ते एक मिनिट असा अंदाज सांगितला. येथें मिनिटांचा नव्हे तर सेकंदांचा व सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा प्रश्न असतो, हें कळल्यावर ते थक्क झाले म्हणतात. या आख्यायिकेस हसणें सोपें आहे. पण ज्या देशांत तोंपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाशीं कोणाचेंच कांहीं अडलें नव्हतें, त्या देशांतल्या सभ्य गृहस्थानें दुसरें काय उत्तर द्यावें? घड्याळ न पाहतां धांवणारी माणसें आणि घड्याळावांचून दुसरें कांहीं न पाहणारी स्पर्धा यांची ही पहिली गांठ होती.

पुण्यास निवडीच्या शर्यती झाल्या. पैसा हा मोठाच प्रश्न होता. कांहीं सरकारनें दिला, कांहीं वर्गणीनें जमला आणि टाटांनीं स्वतःच्या खिशांतून मोठी भर घातली. अखेर सहा जणांची तुकडी ठरली. धांवण्यासाठीं पी. सी. बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व एच. डी. कैकाडी, कुस्तीसाठीं रणधीर शिंदे व कुमार नवले. नांवांवरून सहज ध्यानांत येईल कीं, बंगालचे बॅनर्जी वगळल्यास हा सारा मेळा बहुतेक मुंबई इलाख्यांतलाच. हिंदुस्थानच्या नांवानें ऑलिंपिकमध्यें गेलेलें पहिलें पथक हेंच होय.

१९२० च्या उन्हाळ्यांत ही मंडळी मुंबईहून आगबोटीनें निघाली. धांवणाऱ्या माणसास समुद्रप्रवासाइतकी जाचक गोष्ट दुसरी नाहीं. मैदानावर तो दिवसाला दहा-पंधरा मैल तोडील, पण जहाजावर डेकच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत येरझारा घालण्यापलीकडे त्यास कांहीं करतां येत नाहीं. त्यांतून पावसाळी समुद्र, अनोळखी अन्न, आणि सुवेझपर्यंतचा उष्मा. पहिल्या महायुद्धानंतर अवघीं दोन वर्षेंही लोटलीं नव्हतीं. विलायतेस पोंचल्यावर पथकास लंडनमध्यें कांहीं आठवडे सराव करण्याची संधि मिळाली. ज्या धांवपट्टीच्या नुसत्या आंखणीचीही पुण्यास वानवा होती, ती तेथें प्रथमच त्यांच्या पायाखालीं आली. आयुष्याचा सराव एका जमिनीवर आणि परीक्षा दुसऱ्या जमिनीवर, असा हा प्रकार होता.

अँटवर्पची निवडही युद्धामुळेंच झालेली. १९१४ च्या ऑक्टोबरांत जर्मनांनीं तें शहर वेढा घालून घेतलें आणि पुढें चार वर्षें बेल्जमचा बहुतेक मुलूख त्यांच्या ताब्यांत राहिला. या सोसण्याचा गौरव म्हणून स्पर्धेचा मान अँटवर्पास देण्यांत आला. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, तुर्कस्थान व बल्गेरिया या हरलेल्या राष्ट्रांस निमंत्रणच गेलें नाहीं. बर्फावरील नृत्याच्या व हॉकीच्या स्पर्धा त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत तेथील बर्फगृहांत आटोपल्या होत्या. मुख्य सोहळा १४ ऑगस्टला झाला. पांच वलयांचा पांढरा ध्वज ऑलिंपिकमध्यें प्रथम फडकला तो त्या दिवशीं, आणि खेळाडूंची शपथही प्रथम घेतली गेली ती त्याच दिवशीं. संचलनांत हिंदुस्थानचें निशाण बॅनर्जींच्या हातीं होतें. तें निशाण अर्थातच ब्रिटिश अमलाचें. बेल्जमच्या भूमीवर हिंदी माणसें कांहीं नवीन नव्हतीं. १९१४ च्या थंडींत ईप्रच्या खंदकांत हिंदी पलटणी लढल्या होत्या व त्यांतले कित्येक तेथेंच कायमचे राहिले होते. पण बंदुकीवांचून, नुसत्या आपल्या पायांच्या बळावर तेथें उभे राहणारे हे पहिलेच.

पहिल्या दिवसांत कांहीं मनासारखें घडलें नाहीं. धांवपट्टीवरील शर्यतींत हिंदी धांवपटूंपैकीं कोणासही अंतिम फेरी गांठतां आली नाहीं. मोकळ्या माळावर धांवणें निराळें आणि आंखलेल्या पट्टीवर, डावपेंच लढविणाऱ्या दहा-वीस माणसांच्या घोळक्यांत, कोंपरांचे धक्के खात वळण घेणें निराळें. उरली ती मॅरॅथॉन.

या शर्यतीचें अंतर त्या काळीं कायम ठरलेलें नव्हतें. १८९६ सालीं अथेन्सला, जेव्हां स्पिरिडॉन लुईस नांवाच्या पाणक्यानें ती जिंकली तेव्हां, अंतर सुमारें चाळीस किलोमीटर होतें. १९०८ सालीं लंडनला राजवाड्यापासून राजाच्या आसनापर्यंतचा हिशेब करून तें २६ मैल ३८५ यार्ड ठेवण्यांत आलें. अँटवर्पकरांनीं आपल्या रस्त्यांच्या सोयीनें तें ४२.७५ किलोमीटर, म्हणजे साडेसव्वीस मैलांहून थोडें अधिक धरलें. ऑलिंपिकच्या इतिहासांत याहून लांब मॅरॅथॉन पूर्वीं झाली नव्हती व नंतरही झाली नाहीं.

शर्यतीच्या दिवशीं हवा गार होती, पाऊस रिमझिमत होता. युरोपियन धांवपटूंस अशी हवा मानवते. बेळगांवच्या माणसास पाऊस परका नाहीं. तेथें तो महिनोन् महिने कोसळतो. पण उत्तर युरोपच्या वाऱ्याची बोचणी ही कांहीं वेगळीच चीज. निरनिराळ्या देशांचे अठ्ठेचाळीस जण क्रीडांगणांतून बाहेर पडले. दक्षिण आफ्रिकेचा गिट्शॅम व फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन यांची पूर्वार्धांत पुढें चुरस चालली होती. गिट्शॅम हा आठ वर्षांपूर्वीं स्टॉकहोमला याच शर्यतींत दुसरा आलेला. परंतु उत्तरार्धांत तो मागें पडला व पुढें त्यास शर्यत सोडून द्यावी लागली. कोलेमाइनेन एकटाच पुढें राहिला.

या कोलेमाइनेनची कथा हिंदी माणसानें मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. १९१२ सालीं स्टॉकहोमला त्यानें तीन सुवर्णपदकें जिंकलीं, परंतु त्या वेळीं फिनलंड रशियाच्या झारच्या साम्राज्यांत होतें. त्यामुळें विजयाच्या खांबावर जें निशाण चढलें तें रशियाचें. तें पाहून आपण जिंकलों नसतों तरी बरें झालें असतें असें त्यास वाटलें, असें सांगतात. पुढें तो अमेरिकेस गेला व तेथें गवंडीकाम करून पोट भरीत राहिला. १९१७ सालीं फिनलंड स्वतंत्र झालें. अँटवर्पला तीस वर्षांचा हा गवंडी २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला तेव्हां त्याच्यासाठीं त्याच्या स्वतःच्या देशाचें निशाण वर चढलें. त्याच्या मागें केवळ १२.८ सेकंदांनीं क्रीडांगणांत शिरला तो यूरी लॉसमन; हा एस्टोनियाचा, आणि एस्टोनिया तर नुकतेंच १९१८ सालीं स्वतंत्र झालेलें. तिसरा इटलीचा आर्री. एवढें अंतर तोडल्यावरही त्यानें आनंदाच्या भरांत मैदानावर कोलांट्या मारल्या! म्हणजे पहिले दोन्ही विजयी वीर कालपर्यंत परक्या साम्राज्याची प्रजा होते. त्याच रस्त्यावर, त्यांच्या मागून, जो तरुण धांवत येत होता त्याच्या देशास स्वतंत्र होण्यास अद्याप सत्तावीस वर्षें अवकाश होता.

सदाशिव दातार यांस वाटेंतच थांबावें लागलें. चौगुले थांबले नाहींत. अठ्ठेचाळिसांपैकीं पस्तीस जणच शेवटपर्यंत पोंचले आणि त्यांत त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. विजयी वीरानंतर ते १८ मिनिटें व ९.६ सेकंदांनीं आले. सरासरीनें पाहतां प्रत्येक किलोमीटरास जेमतेम चार मिनिटें, म्हणजे मैलास सुमारें साडेसहा मिनिटांहूनही थोडी कमी, अशी त्यांची गति पडते. ही गति शहरांतल्या तरुणानें एकच मैल राखून पाहावी. मग तीच सव्वीस मैल टिकविण्याचा अर्थ त्यास उमजेल. ज्या देशांत धांवण्याचा शिक्षक नाहीं, पट्टी नाहीं, नियमांचें पुस्तक नाहीं, त्या देशांतला मनुष्य जगांतील निवडक धांवपटूंच्या मेळाव्यांत सोळा जणांस मागें टाकून आला, हें यश लहान म्हणतां येणार नाहीं. कुस्तींत रणधीर शिंदे यांनींही मोठी मजल मारली. त्यांस चौथा क्रमांक मिळाला व कांस्यपदक एका कुस्तीनें हुकलें. तें पदक मराठी मल्लाच्या गळ्यांत पडावयास १९५२ सालचे हेलसिंकी व कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची वाट पाहावी लागली.

पदकें न घेतां पथक परत आलें. अशा वेळीं नेहमीं ऐकूं येणारी टीका, कीं एवढा पैसा खर्चून काय साधलें, ती त्याही वेळीं करतां आली असती. पण साधलें तें असें. या पहिल्या पाठवणीनें चालकांचे डोळे उघडले. निवड कशी करावी, तयारी किती महिने करावी, सेकंद कसे मोजावे, याची समज आली. १९२४ सालीं दिल्लीस अखिल हिंदुस्थानच्या निवडीचे सामने झाले व त्यांतून पॅरिससाठीं पथक निवडलें गेलें. १९२७ सालीं इंडियन ऑलिंपिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांजकडे गेलें. पुण्याच्या माळावर अनवाणी धांवणाऱ्या पोरांस पाहून जी गोष्ट सुचली तिचें हें फळ. १९२८ सालीं ॲमस्टरडॅमला हिंदी हॉकी संघानें सुवर्णपदक जिंकल्यावर लोकांचें सारें लक्ष हॉकीकडे लागलें, तें साहजिकच होतें. पण त्या उत्सवांत अँटवर्पचे धांवपटू जे मागें पडले ते पडलेच.

चौगुल्यांच्या एकोणिसाव्या क्रमांकाची खरी किंमत पुढच्या आंकड्यांवरून कळते. १९२४ सालीं पॅरिसला महादेव सिंग एकोणतिसावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस सुरतसिंग माथुर बावन्नावे आले. १९६४ सालीं टोकियोस बाळकृष्ण आकोटकर तेहतिसावे आले. त्यांनीं घेतलेला वेळ चौगुल्यांच्या वेळेहून पुष्कळच कमी होता, पण तोंवर जगही तितकेंच पुढें गेलें होतें. १९७६ सालीं माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले तेव्हां कोठें एकोणिसाचा आंकडा मागें पडला. छप्पन वर्षें ऑलिंपिक मॅरॅथॉनमधील हिंदी माणसाचा सर्वोत्तम क्रमांक बेळगांवच्या या तरुणाच्या नांवें होता.

मराठी मुलुखांतील लांब पल्ल्याची परंपरा त्यानंतर तुटली असें मात्र नाहीं. साताऱ्याकडील मोहीच्या ललिता बाबर यांनीं मुंबईच्या मॅरॅथॉनमध्यें हिंदी स्त्रियांत लागोपाठ तीन वर्षें पहिला क्रमांक मिळविला आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ३,००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठून तींत दहावे स्थान घेतलें. बीड जिल्ह्यांतील मांडव्याचे अविनाश साबळे त्याच शर्यतीच्या अंतिम फेरींत २०२४ सालीं पॅरिसला धांवले. दोघेंही शेतकरी कुटुंबांतलीं, दुष्काळी गांवांतलीं. १९१९ सालीं टाटांनीं पाहिलेलीं पोरें कोणत्या घरांतून आलीं होतीं, हें ज्यास डोळ्यांपुढें आणावयाचें असेल त्यानें माणदेशांतील वा बालाघाटांतील एखाद्या वाडीची सकाळची वाट पाहावी.

अँटवर्पच्या पुढच्या वर्षीं, १९२१ सालीं, मॅरॅथॉनचें अंतर कायमचें ठरविण्यांत आलें. लंडनचेंच अंतर, ४२.१९५ किलोमीटर, प्रमाण मानलें गेलें व तेंच सर्व जगांत चालूं आहे. मुंबई, पुणें वा नवी मुंबईच्या रस्त्यांवर पहाटे हौसेनें मॅरॅथॉन धांवणारे तरुण-तरुणी हेंच अंतर मोजतात. चौगुले त्यांच्याहून ५५५ मीटर जास्त धांवले होते. त्यांच्या सरासरी गतीनें हिशेब केला तर या जादा तुकड्यास २ मिनिटें व सुमारें १३ सेकंद लागले; तेवढे वजा जातां आजच्या मापानें त्यांचा वेळ २ तास ४८ मिनिटें ३२ सेकंदांच्या आसपास येतो.